बरे झालेले हात

३ फेब्रुवारी १९८७, मंगळवार

काल मुलुंडला माझ्या हातातून काठी पडली.

हॉस्पिटलातल्या रत्नप्रभाबाई म्हणाल्या, रोज थोडं लिहीत जा, काहीही लिहा, तेवढाच बोटांना व्यायाम. त्यांना दाखवायचं नाहीये, म्हणून खरं तेच लिहितो. अक्षर कोंबडीच्या पायासारखं येतंय. पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरलंय, बाकीची बोटं ताठ आहेत.

काठीचं असं झालं. मुलुंडला एका चाळीतले सगळे भाडेकरू गेले, एक म्हातारा तेवढा खोली सोडत नव्हता. ज्याच्याकडे कामाला आहोत त्या भाऊने मला आणि दादूला पाठवलं. दादूने लाथ घालून दार पाडलं. मी काठी उगारली तर ती मुठीतून निसटून म्हाताऱ्याच्या पायाशी पडली. म्हातारा इतका घाबरलेला की त्याने ती उचलली आणि दोन्ही हातांनी मलाच परत दिली. दादू खो खो हसला. मग काय ते दादूनेच केलं. म्हाताऱ्याच्या नाकातोंडातून रक्त आलं. मी दारात उभा.

संध्याकाळी भाऊ म्हणाला, "गुण्या, नुसतं तुझं नाव ऐकून लोक खोल्या रिकाम्या करायचे. आता तू काठ्या पाडतोस? हात दुरुस्त कर, नायतर घरी बस."

घरी बसणं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. संपात मिल गेली तेव्हा बसलो होतो. तेव्हा भाऊनेच उचललं. त्याचं काम काय ते पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण मिलमधल्या मशीनला तरी कुठे विचारलं होतं की हा कपडा कोण घालणार?

९ फेब्रुवारी, सोमवार

मला आमवात आहे. गेल्या गणपतीत सुरू झाला. गावी कणकवलीला आरतीची टाळी वाजवता येईना. इथे मोठे डॉक्टर म्हणाले, आराम, पूर्ण आराम. मनगटांना प्लॅस्टरच्या फळ्या बांधून मला झोपवून ठेवलं. सूज उतरली थोडी, पण माझे दंड असे वाळले की शर्टाच्या बाह्या लोंबायला लागल्या.

आता हॉस्पिटलात नवीन प्रयोग चाललाय. रत्नप्रभाबाई व्यायामाच्या खोलीच्या मुख्य आहेत. बारीक बाई, पण आवाज खणखणीत. त्यांनी सरळ सांगितलं, "अर्ध्या पेशंटना आराम, अर्ध्यांना व्यायाम. चिठ्ठी निघेल त्याप्रमाणे. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांना झोपूनच ठेवत आलो. आता स्वीडनमध्ये काही डॉक्टरांनी आमवाताच्या लोकांना सायकल मारायला लावली, वजनं उचलायला लावली, आणि त्यांचे सांधे बिघडले नाहीत. ताकद वाढली. पण आपल्या मोठ्या डॉक्टरांना हे पटलेलं नाही. त्यांना भीती आहे की सांधे झिजतील."

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला बघायचंय," त्या म्हणाल्या.

माझी चिठ्ठी व्यायामाची निघाली. मला हसूच आलं. लहानपणापासून आखाड्यात वाढलेल्या माणसाला व्यायाम नको कसा होईल?

१६ फेब्रुवारी

आधी गरम मेणात हात बुडवायचे. मग बोटं एकेक उघडायची, मिटायची. मग रबरी चेंडू. शेवटी जागच्या जागी चालणारी सायकल.

माझ्या बाजूला धोंडिराम म्हणून एक जण असतो. गोवंडीचा, बसचा कंडक्टर. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा त्याला दाबता येत नाही म्हणून साहेबाने त्याला डेपोत बसवून ठेवलंय. मोठा बोलका माणूस. मेणात हात बुडवला की म्हणतो, "ह्यात जरा मीठमसाला टाका बाई, भजी होतील आमची."

ताकद मोजायची गंमत आहे. ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळून हातात देतात, तो दाबला की काचेच्या नळीतला पारा वर चढतो. आज माझा पारा हललाच नाही म्हणा ना. धोंडिरामचाही नाही. तो म्हणाला, "गुणाजी, आपण दोघं मिळून एक मच्छर मारू शकत नाही बघ." खूप दिवसांनी हसलो.

काय काम करतोस, असं त्याने विचारलं. बिल्डरकडे आहे म्हटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज शकुबद्दल लिहायचंय. माझी बायको सुधारली आहे.

पूर्वी घरात रोज काही ना काही व्हायचं. एवढ्याशावरून तिचं तोंड सुरू, मग माझा हात सुरू. गेल्या गणपतीपासून एकदाही भांडण नाही. माझ्या शर्टाची बटणं तीच लावते, अंघोळ घालते, भरवते. आज बांगड्याचे काटे काढून घास करून देत होती आणि देता देता काहीतरी गुणगुणत होती. लग्नाला बारा वर्षं झाली, ही गाते हे मला माहीतच नव्हतं. म्हटलं, "काय गो, आवाज बरो आसा तुझो." तर लाजली.

मूलबाळ नाही म्हणून ती आधी चिडचिड करायची असं मला वाटतं. माणूस वयाने शांत होतो.

५ मार्च

माझीच चूक. बाईंनी बजावलं होतं, सांधा गरम लागला, लाल दिसला तर त्या दिवशी फक्त हलवायचा, जोर लावायचा नाही. मी घरी जोर मारायला गेलो. पहिल्याच जोराला मनगटात कुणी सुरी फिरवावी तशी कळ आली. दोन्ही मनगटं पावासारखी फुगली. ताप भरला.

शकुने फार केलं. मिठाच्या पाण्याचा शेक दिला, पेज पाजली. म्हणाली, "कशाला तो व्यायाम? मोठ्या डॉक्टरांनी आराम सांगितला होता ना? मी आहे ना करायला. जन्मभर करीन."

माझ्या डोळ्यात पाणी आलं.

१२ मार्च, गुरुवार

बाई रागावल्या. मोठे डॉक्टर येऊन माझी मनगटं दाबून बघून गेले आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं." बाईंनी वहीत टिपून घेतलं. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "तुम्ही आखाड्यातली घाई इथे करू नका. हळू. थकवा येईल इतकंच. दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर समजा जास्त झालं." मग म्हणाल्या, "तुमची बायको आली होती मंगळवारी. एकटीच. विचारत होती, यांचा हात पूर्ण बरा होईल का. मी म्हटलं, नियमाने केलं तर नक्की होईल. तर रडायला लागली. फार जीव आहे हो तुमच्यावर."

शकु मला बोलली नाही हॉस्पिटलात गेल्याचं. मीही विचारलं नाही. आनंदाने रडली असेल.

९ एप्रिल

मूठ वळली! पुरी वळली. चारही बोटं तळव्याला टेकली. पारा असा सर्रकन चढला की धोंडिरामने शिट्टी मारली. त्यालाही फरक आहे. चिमटा घरून घेऊन आला होता, बाईंना एका जुन्या पेपराला भोकं पाडून दाखवली. लहान पोरासारखा नाचत होता. म्हणाला, "पुढल्या महिन्यात गाडीवर जाणार. गुणाजी, माझ्या बसमध्ये ये, पहिली सीट तुझी."

घरी आलो, दारातूनच शकुला मूठ दाखवली. ती भाकरी थापत होती. बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली. "बरं झालं," म्हणाली आणि मोरीत गेली. खूप वेळ पाण्याचा आवाज येत होता.

शर्टाची बटणं आता मीच लावतो.

१५ एप्रिल

काल हात उचलला.

रबरी चेंडू सापडेना. सगळं घर पालथं घातलं. शेवटी शकु म्हणाली, "मी टाकला. घरामागच्या टेकडीवरून खाली." का टाकला म्हटलं तर बोलेना. मी म्हटलं, माझा हात बरा होऊ नये असं वाटतं की काय तुला? तरी बोलेना, नुसती भिंतीला चिकटून उभी. त्या गप्प बसण्याने डोकं फिरलं. डाव्या कानाखाली दिली. ती फळीवर आदळली, डबे पडले. उठत होती तर पुन्हा दिली. मग केस धरून आणखी. तिने आवाज काढला नाही. पूर्वी ओरडायची तरी.

मग मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो आणि हात उजेडात धरून बघितला. सूज नाही. बोटं मोकळी. अजिबात दुखलं नाही.

हात बरा व्हायला आणि हिने पुन्हा डोकं फिरवायला एकच गाठ पडावी, याचं नवल वाटतं.

२० एप्रिल

भाऊला मूठ दाखवली. त्याने माझ्या दंडावर थाप मारली. "वाघ परत आला," म्हणाला. चहा मागवला, स्वतःच्या कपातला ओतून दिला. कामाला लागलो. विक्रोळीला दोन ठिकाणी जाऊन आलो. एकीकडे नुसतं उभं राहावं लागलं. दुसरीकडे एका पोराचे दात पाडले.

शकु म्हणते डाव्या कानाने कमी ऐकू येतं. नाटक असेल.

७ मे

हे लिहावं की नाही ते कळत नाही.

मंगळवारी गोवंडीला काम होतं. एका झोपडपट्टीची जागा बिल्डरला हवी. तिथल्या लोकांनी कमिटी केली आहे, कोर्टात गेलेत. भाऊ म्हणाला, कमिटीचा मुख्य आहे त्याचे हात मोडा, म्हणजे कागदावर सह्या करायचा थांबेल. मी, दादू आणि आणखी तिघं. सकाळची वेळ. दादूने दार वाजवलं.

धोंडिरामने उघडलं. अंगात खाकी युनिफॉर्म, कामावर निघालेला. मला बघून त्याचं तोंड उजळलं. "अरे गुणाजी! ये की! घर कसं गावलं तुला?" आत वळून ओरडला, "अगं, चहा टाक, हॉस्पिटलातला माझा दोस्त आलाय."

मग त्याला मागचे चौघं दिसले. दादूच्या हातातला लोखंडी गज दिसला.

दादूने गज उचलला. तो बसला असता तर मनगटाचा चुरा झाला असता, मला माहीत आहे गज कसा बसतो. म्हणून मीच पुढे झालो. त्याचा उजवा हात धरून त्याला खाली ओढलं, हात उंबऱ्यावर टेकवला आणि वरून लाथ मारली. एकच. काड्कन आवाज आला. मी दादूला म्हटलं, "झालं, चल."

गज पडू दिला नाही, हे तरी खरं. धोंडिरामला ते कळलं असेल का? तो जमिनीवर बसून माझ्याकडे बघत होता. शिवी दिली नाही. आतून त्याची बायको चहाचं पातेलं घेऊन आली होती, ते तिने माझ्यावर फेकलं. खांदा भाजलाय.

१८ मे, सोमवार

"धोंडिराम येत नाहीत," बाई म्हणाल्या. "निरोप आला, पायरीवरून पडले म्हणून. व्यायामाच्या गटातला एक पेशंट गळाला." त्यांनी वहीत लाल पेनने काहीतरी लिहिलं. मी सायकल मारत राहिलो. माझ्या खांद्याचं त्यांनी विचारलं, मी चहा सांडला म्हटलं.

जाताना म्हणाल्या, पुढच्या महिन्यात बाहेरचे डॉक्टर बघायला येणार आहेत, तुमची सुधारणा सगळ्यात चांगली, तुम्हाला त्यांच्यासमोर बसवणार. बायकोला घेऊन या.

८ जून, सोमवार

दोन दिवस पेन धरलं नाही. शनिवारचं लिहितो.

मोठी खोली, पांढऱ्या कोटातले पुष्कळ डॉक्टर. मोठे डॉक्टर पहिल्या खुर्चीवर. बाई इंग्रजीत बोलत होत्या, मधून भिंतीवर चित्रं दाखवत होत्या. मग मला बोलावलं. मी मूठ वळली, उघडली. पट्टा दाबला, पारा चढला. पाण्याने भरलेला तांब्या एका हाताने उचलला. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मोठे डॉक्टर स्वतः उठून आले, माझी मनगटं वळवून बघितली आणि मान हलवली. बाईंचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. मलाही छाती भरून आल्यासारखं झालं. पाचवीत मॉनिटर झालो होतो, त्यानंतर अशी वेळ आलीच नव्हती.

मग मोठ्या डॉक्टरांनी शकुला विचारलं, "बाई, घरी काय फरक पडला यांच्यात?"

तिने उजवा कान पुढे केला. त्यांनी पुन्हा विचारलं.

शकु उभी राहिली. पदर खांद्यावर घेतला. अगदी सावकाश, शाळेत धडा वाचावा तशी म्हणाली, "आधी ह्यांना मला मारता येत नव्हतं. आता येतं."

एक तरुण डॉक्टर हसला, त्याला गंमत वाटली असावी. मग कुणीच हसलं नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, "हे... हे आपल्या मोजमापात येत नाही," आणि खाली बसले. बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग एकदम वळून शकुजवळ गेल्या, तिच्या डाव्या कानामागचे केस बाजूला केले आणि बघितलं.

मी म्हटलं, "शकु, चल घरी." ती बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. बाई मला म्हणाल्या, "ती येणार नाही. तुम्ही जा."

मी गेलो. पांढऱ्या कोटातल्या पंचवीस माणसांसमोर काय करणार होतो?

११ जून

शकु बोरीवलीला तिच्या भावाकडे, शिवदासकडे आहे. सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो.

आज बाईंना विचारलं, मला प्रयोगातून काढणार का? त्या म्हणाल्या, "काढलं तर माझा निकाल खोटा ठरेल. तुम्ही बरे झालात, हे खरंच आहे. माझ्याच हाताने झालात." नंतर अख्खा वेळ माझ्याशी बोलल्या नाहीत. पट्टा दिला, पारा बघितला, आकडा लिहिला.

१४ जून, रविवार

भात लावला, करपला. खूप विचार केला. शकुचं म्हणणं आता मला समजलं. हात बंद होते तेव्हा ती सुखात होती. गात होती. म्हणजे हात पुन्हा बंद झाले तर ती परत येईल.

आजपासून व्यायाम बंद. गोळ्याही बंद.

५ जुलै, रविवार

बाई म्हणायच्या तसंच झालं. सोडलं की परत येतं. सकाळी बोटं लाकडासारखी असतात, दहा वाजले तरी वळत नाहीत. दार उघडायला कोपर लावावं लागतं. भाऊला हात दाखवले तर त्याने तोंड फिरवलं.

दुखतं फार. पण आता बोरीवलीला जायला हरकत नाही.

६ जुलै

गेलो. शिवदासने दार उघडलं. अंगाने माझ्या निम्मा, गुजरात्याच्या दुकानात हिशेब लिहितो, पण दार अडवून उभा राहिला. हलला नाही. आतून शकु म्हणाली, "असू दे दादा. बघू दे माका."

ती दारात आली. जाडी झाली आहे थोडी. मी दोन्ही हात पुढे केले. सुजलेले, लाल. म्हटलं, "बघ. काही करता येत नाही आता. पेनसुद्धा धड धरवत नाही. चल घरी."

तिने हात बघितले. शेजारच्या ब्लॉकमधली बाई दार किलकिलं करून बघत होती. शकुने हातांना हात लावला नाही.

"मुद्दाम केलंत?" तिने विचारलं.

"तुझ्यासाठी."

"आणि बरे झाले की मग?"

मी हात खाली घेतले.

ती म्हणाली, "ह्या दादाचे हात धडधाकट आहेत. चांगलं पन्नास किलोचं पोतं उचलतो. वहिनीवर कधी उगारलेला मी बघितला नाही. बरे हात असून न मारणारी माणसं असतात हो. तुम्हाला ठाऊक नाही काय?"

दार लावलं तिने. जोरात नाही. सावकाश.

मी जिना उतरून खाली कट्ट्यावर बसलो. खरं लिहायचं तर, हे मला सुचलंच नव्हतं. तीन आठवडे मी हात बंद पाडण्यात घालवले, पण नुसतं न मारणं हे काही डोक्यात आलं नाही.

१६ जुलै, गुरुवार

गोळ्या सुरू केल्या. हॉस्पिटलात गेलो. बाईंनी हात बघितले. काय केलंत हे, असं तोंडावर आलं होतं त्यांच्या, पण विचारलं नाही. मेणाचं भांडं पुढे सरकवलं.

धोंडिराम आला होता. हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. नुसती सायकल मारत होता. मला बघितल्यावर त्याने पाय थांबवले, उतरला आणि खुर्ची ओढत खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली. एका हाताने ओढत होता, फरशीवर खरखर आवाज होत होता. बाई त्याच्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. मला दिसलं की त्यांना कळलं.

१० ऑगस्ट, सोमवार

मूठ अर्धी वळते. बाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. शकुचा काही निरोप नाही. मीही गेलो नाही.

आज हॉस्पिटलच्या फाटकाशी दादू रिक्षा घेऊन उभा होता. "चल, भाऊने बोलावलंय. गोवंडीला परत जायचंय. तुझा तो कंडक्टर डाव्या हाताने सह्या करायला लागलाय."

मी म्हटलं, येत नाही.

दादू माझा दोस्त आहे तसा. त्याने हळूच विचारलं, "हात सुजलेत म्हणून सांगू का भाऊला? खपून जाईल."

खपून गेलं असतं. मी म्हटलं, "नको. हात बरे होतायत म्हणून सांग. आणि येत नाही म्हणून सांग."

"येडा झालास? उद्या येशील ना?"

"उद्या पण नाही."

तो रिक्षात बसला. लगेच निघाला नाही. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होता, आधी उजव्या, मग डाव्या. ती नजर मला कुणी समजावून सांगायला नको. कुणाच्या दारात गेलो की मीही आधी तसाच बघायचो.

रिक्षा गेल्यावर परत आत गेलो. धोंडिराम अजून सायकलवर होता. त्याच्यापासून लांब, दारातच उभा राहून मी म्हटलं, "गोवंडीला परत येणार आहेत. उद्यापरवा. बायकोमुलांना हलव."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पण पाय थांबवले, आणि बाईंना म्हणाला, "बाई, फोन कुठंय?"